नागझरी येणार नाही असं चॅनल

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५, सकाळी ६.१०

आत्ता तालमीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या स्टँडला राउटर बांधून खाली उतरलो आणि कट्ट्यावर बसून ही वही उघडली. ऑनलाइन कोर्समध्ये सांगितलं आहे की इंजिनियर लॉग ठेवतो. लॉग म्हणजे केलेल्या कामाची तारीखवार नोंद. त्यात भावना लिहायच्या नसतात.

काम असं आहे. पिंपळकट्टा तालमीचं एक फायबर कनेक्शन, गच्चीवर एक राउटर. त्यावर तालीम, आळीतली चौदा घरं आणि तालमीला लागून असलेलं अध्यक्षांचं घर. अध्यक्ष म्हणजे बाळासो. त्यांचा मुलगा ऋतुराज चार वर्षांनी अमेरिकेतून येतोय, बायको आणि अकरा महिन्यांच्या बाळासकट. पूर्ण रजा मिळालेली नाही. दहा तारखेपासून रोज संध्याकाळी साडेसात ते साडेदहा त्याला इथून मिटिंगा कराव्या लागणार. नेट चाललं तर तो सोळापर्यंत कोल्हापुरात. नाही चाललं तर पुण्याला, बायकोच्या माहेरी, आणि तिथूनच विमानाला.

सोळा तारखेला रविवारी बाळाचं जावळ आहे. बाळासोंच्या मिसेस मीनाक्षीकाकूंनी दीडशे माणसं सांगून ठेवली आहेत.

बाळासोंनी विचारलं, होतंय का. मी म्हणालो, गॅरंटी.

चार हजार ठरले, दोन आगाऊ मिळाले. शिवाय तालमीच्या फळ्यावर ‘तांत्रिक प्रमुख’ म्हणून माझं नाव. मी आयटीआय दुसऱ्या वर्षाला सोडलं ते परिस्थितीमुळे. परिस्थिती म्हणजे दोन विषय.


रविवार, २ फेब्रुवारी, रात्री ९

नेट सुरू. नाव ‘पिंपळकट्टा’. स्पीड उत्तम. कट्ट्यावर आठ-दहा जणांनी फोन जोडले. मला चहा मिळाला.

मग मी एक चूक केली. चूक म्हणता येणार नाही, माहिती दिली. फोनमधल्या ॲपवर आळीतली सगळी वायफाय डोंगरांसारखी दिसतात. प्रत्येकाचा एक डोंगर आणि खाली त्याच्या चॅनलचा नंबर. चॅनल म्हणजे हवेतला रस्ता. आपला डोंगर सहा नंबरवर होता. त्याच्यावरच अगदी बसल्यासारखा दुसरा डोंगर होता, ‘नागझरी’.

नागझरी म्हणजे रस्त्याच्या पलीकडची तालीम. दोन्ही तालमींत कुस्ती आता फक्त फोटोत राहिली आहे. जे काही असतं ते फुटबॉलचं असतं. तेरा तारखेला फायनल आपली आणि त्यांचीच आहे.

बाळासोंनी माझा फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “म्हंजे त्यांच्या रस्त्यानं आपलं नेट चाललंय?”

मी म्हणालो, तांत्रिकदृष्ट्या तसं म्हणता येईल.

“उद्याच्या उद्या रस्ता बदल.”

बदलायची गरज नसते, एका रस्त्यावर दोन गाड्या चालतात, असं मी सांगणार होतो. पण तेव्हा सगळी कमिटी उभी होती.


सोमवार, ३ फेब्रुवारी, रात्री ८.३०

सकाळी चॅनल एकवर नेलं. दुपारी बघितलं, नागझरी एकवर.

कट्ट्यावर सगळ्यांना ॲपमधले डोंगर दाखवले. मग बाळासो म्हणाले, “बघितलासा? मागनं आली.”


मंगळवार, ४ फेब्रुवारी, रात्री ८

सकाळी अकरावर नेलं. दुपारी चारला नागझरी अकरावर.

कमिटीची बैठक झाली. नागझरीच्या अध्यक्षांना, सर्जेरावांना, कोण बातमी देतंय यावर चर्चा. तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी शपथ घेतली. बाळासोंचं मत पडलं की त्यांनी पुण्याचा इंजिनियर लावलाय. मला हे जरा लागलं. मी सांगितलं की माझ्याकडे एक उपाय आहे, पण उद्या सांगेन. उपाय तेव्हा नव्हता. इंजिनियरनं वेळ मागून घ्यावा, असं कोर्समध्ये आहे.


बुधवार, ५ फेब्रुवारी, रात्री १०

तेरा.

यादीत अकराच्या पुढे बारा आणि तेरा असतात. आपल्या आळीत तिकडे कोणीच नाही. एकही डोंगर नाही, नुसतं माळरान. सकाळी सहा वाजता तेरावर नेलं. दुपारी नागझरी अकरावर. संध्याकाळी नागझरी सहावर. रात्री पुन्हा एकवर. म्हणजे शोधत फिरतायत आणि सापडत नाही.

बाळासोंनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात टाकला आणि म्हणाले, “हे पोरगं माझं इंजिनियर हाय.” आयुष्यात मला असं कोणी म्हटलेलं नाही. ही भावना झाली, पण नोंद म्हणून लिहिली.

कोणी परस्पर चॅनल बदलू नये म्हणून राउटरच्या सेटिंगला बावीस अक्षरांचा वेगळा पासवर्ड घातला. कुठेही लिहिलेला नाही. फक्त माझ्या फोनमध्ये आहे. अत्यंत सुरक्षित.

निश्चय: काहीही झालं तरी तेरा सोडायचं नाही.


गुरुवार, ६ फेब्रुवारी, सायंकाळी ७

आळीतले सगळे फोन तपासले. सगळे जोडले जातात. वर्षाराणीताईंचा काच फुटलेला जुना फोनसुद्धा.

एक जोडला जात नाही. बाळासोंचा.

‘पिंपळकट्टा’ हे नाव त्यांच्या यादीत दिसतच नाही. नागझरी दिसतं, ते मात्र ठळक. परवा कट्ट्यावर हाच फोन व्यवस्थित चालत होता. हा फोन ऋतुराजदादानं दिवाळीला अमेरिकेतून पाठवलेला, महागाचा. फोनमध्ये दोष असणार नाही. मी कव्हर काढून बघितलं. पुसून बघितलं. बंद करून चालू केला. बाळासो माझ्या हातांकडे बघत होते. त्यांचं असं बघणं मला आवडत नाही.

मी सांगितलं, कव्हर जाड आहे. उद्या बघतो.

कव्हर तेव्हा माझ्या हातात होतं.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी, रात्री ९

उपाय सापडला. तात्पुरता आहे, पण शास्त्रशुद्ध.

माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला. त्याला नाव दिलं ‘पिंपळकट्टा’. वायफायचा पासवर्डही तोच. बाळासोंच्या शेजारी कट्ट्यावर बसलो. त्यांच्या फोनवर नाव आलं, जोडलं गेलं, त्यांनी ऋतुराजदादाला व्हिडिओ कॉल लावला. चित्र स्वच्छ. बाळाचा चेहरा दिसला. काकू घरातून हात पुसत आल्या आणि त्याच्याशी बोलत राहिल्या. बाळाला डोक्यावर भरपूर केस आहेत. काकू म्हणाल्या, ते मी इथंच उतरवणार, जोतिबाला नवस आहे.

मी हलू शकत नव्हतो. हललो असतो तर बाळ गोठलं असतं.

हे खोटं नाही. नाव खरं, नेट खरं. फक्त ते गच्चीवरून येत नव्हतं, माझ्या खिशातून येत होतं.

ऋतुराजदादा यायच्या आत मूळ कारण शोधून काढणार. हातात दोन दिवस आहेत, पुष्कळ झाले.


शनिवार, ८ फेब्रुवारी

दिवसभर दुकानात. मी प्रसेनजीतदादांच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात कामाला आहे. आठवड्यात चार वेळा उशीर झाला म्हणून ते बोलले. म्हणाले, तालमीचं इंजिनियर हाईस नव्हं, मग माझ्याकडं कशाला झाडू मारतोस. मी झाडू मारत नाही. सकाळचा एकदा मारतो.

मूळ कारण शोधायला वेळ झाला नाही.


रविवार, ९ फेब्रुवारी, रात्री ११

आले.

अख्खी आळी जमली. काकूंनी भाकरतुकडा ओवाळला. बाळ रडलं नाही, सगळ्यांकडे बघत राहिलं. ऋतुराजदादा बारीक झालाय. अदितीवहिनी चांगल्या आहेत, मला अहो-जाहो करतात.

मी दादाला विचारलं, तुम्ही नेटवर्किंगमध्ये आहात ना. तो हसला. औषध कंपनीत हिशेब बघतो म्हणाला, नेटमधलं काही कळत नाही. मला हायसं वाटलं.

मग त्यानं लॅपटॉप उघडला. ‘पिंपळकट्टा’ नाही. त्याच्या फोनवर नाही. वहिनींच्या फोनवर नाही. काकूंच्या इथंच घेतलेल्या स्वस्त फोनवर पूर्ण रेघा.

वायर लावून देऊ का, विचारलं. कंपनीच्या लॅपटॉपला बाहेरचं काहीही जोडायला बंदी आहे.

मी म्हणालो, राउटर बघून येतो. बाहेर जाऊन जिन्याखाली उभा राहिलो, हॉटस्पॉट चालू केला आणि परत आत आलो.

दादा म्हणाला, आलं. तिघांचंही आलं.

काकूंनी हे बघितलं होतं. त्या अदितीवहिनींना म्हणाल्या, “बघितलंस का, ह्यो आत आला आणि नेट आलं. पायगुण हाय पोराचा.”

सगळे हसले. मीही हसलो. पाच मिनिटांनी लघवीला बाहेर गेलो तर नेट गेलं. परत आलो, आलं. या वेळी काकू हसल्या नाहीत. त्यांनी मला पाटावर बसवून जेवायला वाढलं आणि म्हणाल्या, सोळापर्यंत रोज साडेसातला यायचं, इथंच जेवायचं, साडेदहापर्यंत हलायचं न्हाय.

तांबडा रस्सा उत्तम होता. एका हातानं जेवलो, दुसरा खिशातल्या फोनवर होता.


सोमवार, १० फेब्रुवारी, रात्री ११.१५

पहिली मिटिंग. साडेसातला नेट उत्तम. सात पस्तीसला माझा दिवसाचा डेटा संपला.

कारण: कट्ट्यावरच्या पोरांचे फोनसुद्धा ‘पिंपळकट्टा’ नाव बघून माझ्या खिशात घुसले होते. आठ जण. रील्स बघत होते. मी बाथरूममध्ये जाऊन जादा डेटाचा पॅक मारला. बाहेरून दादाचा आवाज येत होता, “सॉरी, कॅन यू हिअर मी?” तो हे चार वेळा म्हणाला. प्रत्येक वेळी आधीपेक्षा नम्रपणे.

नंतर फोनमध्ये फक्त ठरावीक उपकरणं घेण्याची सेटिंग सापडली. लॅपटॉप, दादा, वहिनी, बाळासो. पोरं बाहेर. आता पक्कं झालं.

फोन तापतो. वरच्या खिशात ठेवला की छातीला चटका बसतो.


मंगळवार, ११ फेब्रुवारी, रात्री ११

तीन तास बसलो. चार्जिंगची वायर लांब घेतली आहे, म्हणजे पाटावर बसून भिंतीतल्या प्लगपर्यंत पोचते. बाळासोंनी विचारलं, एवढं चार्जिंग कशाला. मी म्हणालो, बॅटरी जुनी आहे. हे खरं आहे.

मिटिंग चालू असताना बाळ माझ्या मांडीवर होतं. फोन हिसकावायला बघत होतं. मी दिला नाही. वहिनींना वाटलं, मला मुलं आवडत नाहीत.

काकूंनी हिशेब सांगितला. मामा, म्हणजे वहिनींचा भाऊ, शनिवारी रात्री पुण्याहून येणार. रविवारी सकाळी मामाच्या मांडीवर जावळ. न्हावी सांगून झालाय. मंडपवाला सांगून झालाय. चार वर्षांत मुलाच्या हातचं काहीही झालं नाही म्हणाल्या, ना सण ना सूद, एवढं एक होऊ दे.

मी म्हणालो, काकू, गॅरंटी.

घरी येऊन कोर्सचा आठवा धडा बघितला. हा मी मागं सोडला होता, कारण त्यात फक्त देशांची नावं आणि तक्ते होते. त्यात स्पष्ट सांगितलं आहे: अमेरिकेत विकलेली बरीच उपकरणं बारा आणि तेरा नंबरचं चॅनल शोधतच नाहीत. तिथं त्या चॅनलला बंधनं आहेत. अशा फोनला त्या चॅनलवरचं वायफाय नसल्यासारखंच असतं.

दोनदा बघितलं.

पण हा धडा सहा वर्षं जुना आहे. आजकाल परिस्थिती बदललेली असू शकते.


बुधवार, १२ फेब्रुवारी, दुपारी ३

परिस्थिती बदललेली नाही. दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, भावानं न्यूयॉर्कहून पाठवलेला फोन घेऊन. मी दुकानाचं वायफाय गुपचूप तेरावर नेलं. फोन आंधळा झाला. परत सहावर आणलं. डोळे आले.

म्हणजे उपाय दहा सेकंदांचा आहे. गच्चीवरचा राउटर तेरावरून एक, सहा किंवा अकरावर आणायचा. नागझरी फिरत फिरत तिथं येणारच.

निश्चय: आज संध्याकाळी बाळासोंना बाजूला घेऊन शांतपणे सगळं सांगायचं. वाक्यं तयार केली आहेत. ‘अध्यक्ष, तंत्रज्ञानात मान-अपमान नसतो.’ हे पहिलं.


त्याच दिवशी, रात्री ११.३०

सांगितलं नाही.

गेलो तेव्हा कट्ट्यावर फायनलची सभा चालू होती. बाळासो बोलत होते. म्हणाले, मैदानात उद्या बघूच, पण हवेत आपण आठवड्यापूर्वीच जिंकलोय. नागझरीला तेरावर पाय ठेवता आलेला न्हाय. मला उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फळ्यावर माझं नाव खडूनं लिहिलं होतं, शुद्धलेखन चुकवून. ते मी नंतर दुरुस्त केलं.

अशा वेळी सांगणं योग्य नव्हतं. उद्या फायनल झाल्यावर सांगतो. जिंकलो तर ते खुशीत असतील. हरलो तर चॅनलचं कोणाला काही वाटणार नाही. दोन्हीकडून फायदा आहे.

दादाला मात्र उद्या महत्त्वाची मिटिंग आहे. सहामाहीचे आकडे वरच्या साहेबांपुढे मांडायचे आहेत. इथून काम नीट होतं का ते बघूनच पुढच्या दिवसांचं ठरवू, असं साहेबानं कळवलं आहे. दादा दिवसभर आकडे पाठ करत होता.

फायनल चारला. साडेपाचला संपते. सातला घरी. साडेसातला पाटावर. अर्धा तास हातात राहतो. फोन पूर्ण चार्ज, डेटा नवीन. धोका कुठेच नाही.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी, सकाळी ७

काल लिहायला जमलं नाही. आता क्रमानं लिहितो.

मैदानात बसल्यावर वाटलं, मध्यंतरालाच निघावं. तेव्हा शून्य-शून्य होतं, म्हणून थांबलो. संपतानाही शून्य-शून्य. मग जादा वेळ. मग पेनल्टी. पेनल्टी चालू असताना कोणीही उठून जात नाही. उठलो असतो तर लोकांनी बसवलं असतं. आपण जिंकलो. सव्वासहा वाजले होते, तरी हिशेबात बसत होतं.

मी गेटकडे पळत होतो. मागून कोणीतरी कंबरेला धरून मला उचललं. बघतो तर बाळासो, सगळे गुलालात लाल. खांद्यावर घेतलं आणि ओरडले, “आपलं तेरा नंबरचं इंजिनियर!” हलगी सुरू झाली. मी सांगत होतो, मला सोडा, घरी जायचंय. ते म्हणाले, घरीच चाललोय की, मिरवणुकीनं.

फोन वरच्या खिशात होता. बाळासोंनी दोनदा मला उडवलं. दुसऱ्यांदा खाली आलो तेव्हा खिसा रिकामा होता. मी खाली वाकून शोधायला बघत होतो, पण माणूस खांद्यावर असला की वाकता येत नाही. फोन नंतर एकानं आणून दिला. दोन तुकड्यांत.

आळीत पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. बाळासो आणि कमिटी माझ्या मागोमाग. हॉलमध्ये दादा टाय लावून लॅपटॉपसमोर बसला होता. वर शर्ट-टाय, खाली लेंगा. म्हणाला, बंडू, नेट नाहीये.

काकू म्हणाल्या, “आला नव्हं आता. येतंय बघ.”

आलं नाही.

काकूंनी मला दाराबाहेर पाठवलं आणि परत आत यायला सांगितलं. मी गेलो आणि आलो. त्या म्हणाल्या, उजवा पाय आधी टाक. मी उजवा टाकला. अदितीवहिनी बाळाला घेऊन उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. मी तिसऱ्यांदा बाहेर जाणार एवढ्यात काकूंनी माझ्या हातातले फोनचे दोन तुकडे बघितले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग भिंतीतल्या रिकाम्या चार्जरकडे.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तुझ्याच खिशातनं येत हुतं व्हय रं?”

मी मान डोलावली.

कमिटीतल्या तिघांनी आपापले हॉटस्पॉट लावले. पण बाहेर मिरवणूक. पाचशे पोरं हलगी लाइव्ह दाखवत होती. टॉवर जाम. दादा साहेबांना दिसायचा, गोठायचा, पुन्हा नाहीसा व्हायचा. (म्हणजे माझा फोन शाबूत असता तरीही चालला नसता. हे नोंद करून ठेवतो.)

मग मी बोललो. तयार केलेलं वाक्य आठवलं नाही. म्हणालो, राउटर चांगला आहे, नेट चांगलं आहे, अमेरिकेच्या फोनना तेरा दिसत नाही. एक, सहा, नाहीतर अकरावर आणावं लागेल. नागझरी जिथं असतील तिथं.

बाहेर हलगी.

बाळासोंच्या भुवयांवर गुलाल होता. ते म्हणाले, “आज त्यांस्नी हरवून आलो. आणि आजच त्यांच्या दारात जाऊन बसू?”

काकू म्हणाल्या, “माझं पोरगं उठून चाललंय. कुणाच्या दारात बसायचं त्ये तुमी ठरवा, पण बिगीनं ठरवा.”

बाळासो दादाकडे बघत राहिले. दादा स्क्रीनला सॉरी म्हणत होता. मग म्हणाले, “घाल. त्यांच्या मांडीवर बसव पाहिजे तर.”

चॅनल बदलायला राउटरचा पासवर्ड लागतो. पासवर्ड बावीस अक्षरी, माझ्या फोनमध्ये. फोन दोन तुकड्यांत.

गच्चीवर जाऊन राउटर रिसेट करावा लागला. गच्चीवर फटाके चालू होते. वर जायचा जिना पोरांनी भरला होता, मला बघून ती मला पुन्हा उचलायला लागली. रिसेटचं भोक टाचणीएवढं, टाचणी कोणाकडे नाही. शेवटी वर्षाराणीताईंनी पदराची पिन काढून दिली. मग राउटर परत चालू होईपर्यंत थांबायचं, त्यांच्याच फोनवरून पुन्हा नाव घालायचं, पासवर्ड घालायचा. चॅनल मी निवडलं नाही. रिसेट झाल्यावर तो आपोआप सहावर गेला.

खालून वहिनी म्हणाल्या, आलं. लॅपटॉप, फोन, बाळासोंचा फोन, सगळं एकदम.

मिटिंग तोपर्यंत संपली होती. साहेबांनी निरोप ठेवला होता. दादानं टाय काढून नीट गुंडाळला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, उद्या सकाळी पुण्याला जावं लागेल, रात्री हेच परत करून दाखवायचंय, इथला भरवसा आता साहेबांना पटवता येणार नाही.

मी म्हणालो, आता नेट एकदम पक्कं आहे.

तो म्हणाला, “हो रे. दिसतंय.”


त्याच दिवशी, सकाळी १०.४०

गेले. गाडी आळीतून निघाली तेव्हा मी तालमीच्या मागे होतो. राउटर तपासत होतो. राउटर गच्चीवर आहे, पण मागूनही तपासता येतो.

दादा म्हणाला आहे, रविवारी जमलं तर येऊ. सोमवारी पहाटे मुंबईहून विमान आहे.


शनिवार, १५ फेब्रुवारी, रात्री ८

जमणार नाही असा फोन आला, बाळाला एवढा उलटसुलट प्रवास झेपणार नाही म्हणून. काकूंनी मंडपवाल्याला नको म्हणून कळवलं. दीडशे माणसांना त्या स्वतः एकेक फोन करत होत्या. सगळे फोन वायफायवरून. एकदाही आवाज तुटला नाही.

दुपारी सर्जेराव दुकानात आले होते, स्क्रीनगार्ड बसवायला. परवा आपला राउटर आपोआप सहावर गेला तेव्हापासून मला एक शंका होती. मी धीर करून विचारलं, तुमचं चॅनल कोण बदलतं. त्यांनी विचारलं, कसलं चॅनल. मी वायफायचं म्हणालो. ते म्हणाले, पावणं, त्यो डबा कंपनीच्या माणसानं बसवला दोन वरसापूर्वी, तवापास्नं त्याला कुणी हात न्हाय लावला. त्यो आपल्या मनानं चालतोय.

काही राउटर आपोआप चॅनल बदलतात. हे मला माहीत होतं. तिसऱ्या धड्यातच आहे.

प्रसेनजीतदादांनी विचारलं, का रं, तोंड का उतरलंय. मी म्हणालो, ऊन लागलं.


रविवार, १६ फेब्रुवारी, दुपारी १.१५

सकाळी तालमीत गेलो. फळ्यावरचं नाव पुसलेलं नाही. फायनलच्या निकालाचा कागद त्याच्यावर चिकटवला आहे, त्यामुळे ते दिसत नाही.

बाळासो पेपर वाचत होते. मान वर केली नाही. अपमान म्हणता येणार नाही, अग्रलेख मोठा होता.

काकू दारात पायरीवर बसल्या होत्या. मी तसाच पुढे जाणार होतो, त्यांनी हाक मारली. पुण्याहून फोटो आला होता. मामाच्या मांडीवर बाळ, डोकं पूर्ण गुळगुळीत, रडून तोंड लाल. बाजूला ताटात केस. मामाच्या खांद्यावर हात ठेवून दादा. काकूंनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. आधी बाळाचा चेहरा, मग ताट. ताटावर बराच वेळ थांबल्या.

म्हणाल्या, “लगीच उघडला बघ फोटो. चांगलं चाललंय आता.”

मी म्हणालो, हो काकू. सहावर आहे.

जेवलास का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

खर्च:
जादा डेटाचे पॅक, तीन, ४८३.
लांब चार्जिंग वायर २५०.
फायनलचं तिकीट ५०.
जुना फोन, दुकानातूनच, ६,५००.
एकूण ७,२८३.

देणे:
प्रसेनजीतदादांकडून उचल ५,०००. महिना एक हजार कापणार.
आईकडून १,५००.
एकूण ६,५००.

येणे:
तालमीकडून उरलेले २,०००. मागायला गेलो नाही.